अष्टमीला फोन घरी असतो

सोलापूरच्या माणसाला समुद्राचं अप्रूप वाटतं ते मुख्यतः एवढ्यासाठी, की तिथलं पाणी आपणहून येतं आणि आपणहून जातं. नळ कधी येईल म्हणून पिंपं मांडून बसावं लागत नाही. पण मी रायगडच्या किनाऱ्यावर पाच दिवस राहून आले ती समुद्र बघायला नव्हे. माझं एक काम तिथे सपशेल फसलं होतं, आणि ते का फसलं हे मला घरी बसून कळत नव्हतं.

मी तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवायची. निवृत्त झाल्यापासून लहान लहान संस्थांना वेबसाइट, याद्या, ऑनलाइन फॉर्म असलं काहीबाही करून देते. पैसे घेत नाही. फुकट असल्यामुळे मला कुणी बोल लावत नाही, आणि कुणी बोल लावत नसल्यामुळे आपण फार हुशार आहोत असा माझा समज झाला होता.

दिघीजवळच्या गावात शैलाताई म्हणून एक निवृत्त नर्स अशीच एक संस्था चालवतात. नाव छापायचं नाही अशी त्यांची ताकीद आहे. खाडीच्या दोन्ही बाजूंच्या गावांतून मोतीबिंदू झालेली म्हातारी माणसं शोधायची आणि महिन्यातून एकदा मोठ्या हॉस्पिटलची बस येते, तिच्यात बसवून ऑपरेशनला पाठवायची, एवढंच काम. लोक तिला ‘डोळ्यांची गाडी’ म्हणतात. दिवाळीनंतर मी त्यांना सगळं नवं करून दिलं. नावनोंदणीचा फॉर्म, गाडीचा वार पक्का म्हणजे दर महिन्याचा दुसरा शनिवार, आणि तीन दिवस आधी प्रत्येकाच्या फोनवर आपोआप जाणारा निरोप. “आता तुम्हाला काही करावं लागणार नाही,” असं मी व्हिडिओ कॉलवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

आधी पस्तिसेक माणसं जायची. माझी व्यवस्था सुरू झाल्यावर पहिल्या गाडीला सात आली, दुसरीला पाच. हॉस्पिटलने कळवलं की तिसरी गाडीही अशीच परत आली, तर पुढे ती दुसऱ्या तालुक्याला देऊ. तिसऱ्या गाडीला अकरा दिवस उरले होते. मी बॅग भरली.

मंगळवार, माणगाव ते दिघी

माणगावच्या स्टँडवर राबिया मला घ्यायला आली होती. पस्तिशीची, बडबडी, संस्थेचा फोन आणि कॉम्प्युटर हिच्या ताब्यात. प्रिंटरची शाई घ्यायला तिला बाजारात यायचंच होतं, त्यामुळे मी आणि शाई अशा दोघी एकाच फेरीत उरकलो.

मुक्काम तिच्याच घरी. रात्रीच्या जेवणाला सांदणं होती, वाफवलेली, पांढरी, बोट लावलं तर दबून परत वर येणारी. सोबत माशाचं कालवण. आमच्याकडे कडक भाकरी पाटावर आपटली तर आवाज येतो, आणि इथे जेवणाचा काहीच आवाज नाही, या विचारात मी असतानाच घशात काटा अडकला. मटण खाऊन वाढलेल्या माणसाला काट्याची सवय कुठून असणार? राबियाच्या सासूबाईंनी कोरड्या भाताचा मुटका करून माझ्या हातात दिला आणि “चावायचा नाय, गिलायचा” असा हुकूम सोडला. गिळला. काटा गेला, आणि सगळं घर हसलं. मीही हसले, पण जरा उशिराने.

बदल्यात मी शेंगांची चटणी काढली. सासूबाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवली, विचार केला आणि म्हणाल्या, “मस्त हाय. फकत हिच्यात थोडी सुकट पायजे.”

बुधवार, दिघी आणि आगरदांडा

संस्थेचं ऑफिस दोन खोल्यांचं. कॉम्प्युटरचा पासवर्ड भिंतीवर दिनदर्शिकेशेजारी ठसठशीत अक्षरात चिकटवलेला होता. मी काही बोलणार तोच राबिया म्हणाली, “मॅडम, इथं चोर येतो तो नारलाला येतो.” तरी मी तो कागद काढायला लावला आणि पासवर्ड बदलला.

मग निरोप तपासले. यादीतल्या जवळजवळ प्रत्येकाला तो गेला होता. दोन-दोन टिका, बऱ्याच ठिकाणी निळ्या. म्हणजे पोचला, वाचलाही. संस्थेच्या पानावर तर कौतुकाचा पूर आला होता. पण ती माणसं पुण्याची, मुंबईची, दोघी-तिघी अमेरिकेतल्या. खाडीपलीकडच्या आगरदांड्याचं कुणी नाही. मी मनातल्या मनात निदान करून टाकलं की लोकांनाच गरज नाही. आळशी आहेत. असली निदानं मला फार पटकन सुचतात.

शैलाताई माझं ऐकून घेत होत्या. साठी उलटलेल्या, सडपातळ, बोलण्याआधी चष्मा काढून पुसायची सवय. त्या म्हणाल्या, “आळशी का काय ते तिकडे जाऊनच बघा की.” आम्ही फेरीबोटीने खाडी ओलांडली.

आगरदांड्याच्या पुढच्या कोळीवाड्यात हिराबाई भेटली. सत्तरीची असेल. दोन्ही डोळ्यांवर सायीसारखा पडदा. जन्मभर तिने जवळा वाळवला, निवडला, विकला. आता निवडायला बसली की बारीक खेकडी आणि शिंपल्यांचे तुकडे जवळ्यातच राहतात, गिऱ्हाईक तक्रार करतं, म्हणून सुनेने तिच्या हातातून सूप काढून घेतलं होतं. अंगणात दोघी बायका निवडत होत्या आणि ही पायरीवर हात मांडीवर ठेवून बसली होती. मला ते बघवलं नाही.

शैलाताईंचा आवाज ऐकताच तिने तोंड फिरवलं.

“दोन येला गाडी गेली,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “दोन येला माजा नाव गाललास. माजी तिनी पोरा तुजे हातावर झाली, शैला. मना सांगायचा तरी, का तुजा नंबर नाय.”

मी पुढे झाले आणि यादी उघडून दाखवली. ते तिला दिसणार नव्हतं हे माझ्या ध्यानात नंतर आलं. “आजी, तुमचं नाव आहे. निरोपही आलाय. हा बघा नंबर, वाचल्याची खूणसुद्धा आहे.”

सुनेने मान उंचावून नंबर बघितला. “ह्यो? ह्यो नारायनचा. माजे घरवाल्याचा.”

“मग त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?”

“कवा सांगनार? फोन बोटीवर व्हता.”

मी म्हटलं, “मग आत्ता कुठे आहे फोन?”

“बोटीवर,” सून म्हणाली, आणि या बाईला कसं समजवावं अशा नजरेने तिने शैलाताईंकडे पाहिलं. “घरात एकच फोन हाय. त्यो त्यांचेसंगट दर्याव जातो. वाचलानी आसंल, आन इसरलानी आसंल. डोल काढताना कोन ध्यानात ठेवतो?”

परतताना धक्क्यावर शैलाताईंनी मला जे समजावलं, ते शाळेच्या भूगोलात मी एका मार्कासाठी पाठ केलं होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाण्याला जोर. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद. इथली डोल जाळी ओढीच्या पाण्यावर भरतात, म्हणून उधाणाच्या दिवसांत बोटी समुद्रावर आणि बायका मासळीत बुडालेल्या. भांगाला बोटी धक्क्याला लागतात. पुरुष घरी, बायकांना उसंत, आणि फोनही घरी.

मी उभ्या उभ्या दिनदर्शिका काढून बघितली. माझ्या पहिल्या गाडीचा शनिवार पौर्णिमेनंतर तीनच दिवसांनी. दुसरा, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. तिसरा ऐन पौर्णिमेला. अंदाजपंचे दिवस ठरवले असते तरी एखादा बरा निघाला असता.

“पण ताई, तुम्ही आधी कसं करत होतात?”

“आधी तिथी बघून. मी बौद्ध, मला स्वतःला तिथीचं काही नाही. पण नोकरीत असताना या वाड्यावर लसीकरण मी कायम अष्टमीला ठेवायची. गाडीचंही तसंच.”

“मग मी शनिवार घातला तेव्हा बोलला का नाहीत?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला. “तुम्ही म्हणालात ना, सगळं आपोआप होतं. मला वाटलं, कॉम्प्युटरला तिथी कळत असेल.”

मला लाज वाटली, सरळ सांगते. त्या भरात लॅपटॉपची बॅग मी आगरदांड्याच्या बाकावरच विसरले आणि बोट अर्ध्या खाडीत आल्यावर मला ते आठवलं. पुढच्या फेरीला एक मोटरसायकलवाला ती गळ्यात अडकवून घेऊन आला. “सोलापूरच्या मॅडमची ना?” म्हणाला. मी येऊन एकच दिवस झाला होता.

गुरुवार, दिघी

पौर्णिमेची गाडी म्हणजे रिकामी गाडी, हे आता उघड होतं. अष्टमी येत्या शनिवारी, म्हणजे परवा. शैलाताईंनी हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. मग ताई म्हणाल्या, “हो. तीस देते.” फोन खाली ठेवला आणि पदराने कपाळ पुसलं. बस परवा सकाळी सातला दिघीत येणार, साडेसातला निघणार. रिकामी गेली तर तीच शेवटची.

मग आम्ही तिघी कामाला लागलो. माझा फॉर्म अठरा प्रश्नांचा होता. त्यातले पंधरा मी खोडले. ते मला हवे होते, तिथे कुणाला नको होते. दोन नवे घातले: फोन कुणाचा? तो घरी कधी असतो? राबियाने शैलाताईंची जुनी वही समोर ठेवून रकाने भरले. ‘मुलाचा, ट्रकवर, रविवारी.’ ‘नातीचा, कॉलेजातून आल्यावर.’ ‘शेजारणीचा, दुपारी.’ आणि कोळीवाड्यांपुढे एकाखाली एक, ‘अष्टमी’. राबिया हसली. “मॅडम, यांची शुद्ध अष्टमी न आमच्या चांदाची सात-आठ तारीख, एकच की. मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं.” तिलाही मी विचारलं नव्हतं.

उरला निरोप. लिहिलेला निरोप म्हाताऱ्यांच्या काय कामाचा? मी कॉम्प्युटरकडून बोलका करून घेतला: “कृपया नेत्र शिबिरास उपस्थित राहावे.” राबियाने कान टवकारले. “ही बाई बँकेतली वाटते. लोक फोन ठेवतील.” मग तिनेच सुचवलं की आवाज हिराबाईचा हवा. दोन्ही काठांवर तिच्याकडून सुकट घेतली नाही असं घर नाही. तिची हाक कुणीही ओळखेल.

पुन्हा फेरीबोट. हिराबाई पायरीवरच होती. या वेळी शैलाताई तिच्याशेजारी बसल्या आणि काही सारवासारव न करता म्हणाल्या, “चूक माझी झाली, हिरा. आधी मी स्वतः येऊन सांगायची. मशीन सांगेल म्हणून मी यायची बंद झाले. नाव गाळलं नव्हतं, पण तुझ्यापर्यंत पोचवलं नाही, ते गाळल्यासारखंच झालं.”

मग राबियाने फोनवरच्या निरोपासाठी तिचा आवाज मागितला. “बोलते मी त्ये फोनात,” हिराबाई म्हणाली. “लोकांसाटी. मी मातर जानार नाय. मना आता डोल्यांचा काय नको.”

राबियाने फोन तिच्या तोंडाशी धरला. मी तयार केलेलं वाक्य कुणीच तिला सांगितलं नाही. ती एकदम गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाली:

“आयकताव का? मी हिराबाय सुकटवाली बोलते. शनवारी अष्टमी हाय, बोटी घरी हान. डोल्यांची गाडी दिघीला उबी ऱ्हानार. पयले बोटीला बसा. ए गोमा, तू ये, रोज उंबऱ्याला ठेचकालतेस. लक्सी, नवऱ्याला संगती घे, त्यो एकटा येनार नाय. घाबरू नका. दुकत नाय. मी पन येते.”

राबियाने बटण सोडलं. आपण शेवटी काय बोललो ते हिराबाईच्या लक्षात आलं आणि ती चिडून म्हणाली, “आता बोलली म्हंजे जावाच लागंल ना!” सून तोंडाला पदर लावून हसत आत पळाली.

शुक्रवार, सप्तमी, हरिहरेश्वर

सकाळपासून मी राबियाला दर दहा मिनिटांनी “पाठवायचा का?” विचारत होते. बोटी दुपारनंतर लागतात, त्याआधी पाठवून उपयोग नाही, हे तिने तीनदा सांगितलं. चौथ्यांदा शैलाताई म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही जरा हरिहरेश्वरला जाऊन या. आम्हाला काम करू द्या.”

गेले. देवळात गर्दी बेताची होती. दर्शन घेऊन मी समुद्राच्या बाजूने प्रदक्षिणेला निघाले, तर पायऱ्यांपाशी कोकम सरबत विकणाऱ्या बाईंनी हटकलं, “ताई, आता भरती हाय. खडकावर पानी. ओहोटी लागली का जावा.” खाली लाटा वाटेवरच फुटत होत्या. देवाला प्रदक्षिणा घालायचीसुद्धा इथे घड्याळाने नव्हे, पाण्याच्या सोयीने. मी तिच्याकडून सरबत घेतलं आणि ओहोटीची वाट बघत दीड तास नुसती बसून राहिले. इतका वेळ काहीही न करता मी शेवटची कधी बसले होते कुणास ठाऊक. फार बरं वाटलं.

संध्याकाळी परत आले तेव्हा निरोप गेलेला होता. राबियाबरोबर धक्क्याच्या गल्लीतून चालताना एका घरातून हिराबाईचा आवाज आला, “ए गोमा, तू ये.” चार घरं पुढे पुन्हा तोच. एका ओट्यावर तीन-चार जणी फोनभोवती डोकी घालून ऐकत होत्या आणि गोमा नावाच्या बाईची थट्टा चालली होती.

तरी एकानेही ‘येतो’ म्हणून कळवलं नव्हतं. यादीत होकाराचा रकाना कोरा. मी शैलाताईंना विचारलं तर म्हणाल्या, “इथे कळवत नाहीत. येतात, नाहीतर येत नाहीत.” याने मला अजिबात धीर आला नाही.

शनिवार, अष्टमी

सातला बस आली. सव्वासातला तिच्यात नऊ माणसं होती, सगळी दिघीच्या बाजूची. ड्रायव्हर स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. आगरदांड्याहून पहिली बोट अजून यायची होती. शैलाताई यादी घेऊन दारात उभ्या. चष्मा त्यांनी इतक्यांदा पुसला की काच झिजेल असं मला वाटलं. “रिकामी गेली तर हिराला काय तोंड दाखवू?” त्या हळूच म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला.

साडेसातला ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. “पाच मिनिटं,” शैलाताई म्हणाल्या. “मॅडम, मागल्या वेळीपन पाच मिनिटंच बोल्लेल्या तुमी,” तो म्हणाला, पण थांबला.

बोट दिसली. आधी नुसता पांढरा ठिपका, मग मोटरसायकली, मग माणसं. कठड्याला धरून उभी असलेली, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवलेली. फळी टेकली आणि पहिली उतरली ती हिराबाई, नवं हिरवं लुगडं नेसून, नारायणाच्या दंडाला धरून. तिच्या मागे गोमा. लक्सी आणि तिचा नवरा. मग मी मोजणंच सोडून दिलं. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाबरोबर घरचं कुणीतरी होतं, कारण त्या दिवशी सगळ्यांचं घर घरी होतं. बसमध्ये जागा पुरेना. नारायणाने कुणाला तरी फोन लावला आणि मासळीचा टेंपो धुऊन त्यात सतरंजी घालून उरलेल्यांना बसवलं. टेंपोतल्या वासाबद्दल फक्त मलाच सांगावंसं वाटलं, म्हणून मी गप्प बसले.

शैलाताई रडत होत्या आणि नावं वाचत होत्या. दोन्ही एकदम चाललं होतं. हिराबाई खिडकीशी बसली. मी हाक मारली तेव्हा तिने आवाजाच्या दिशेने हात पुढे केला, माझी बोटं चाचपली आणि म्हणाली, “तूच ना ती कंपूटरवाली? हात बरा हाय गो तुजा, मऊ. काम करत नाय वाटतं.” गाडी हलली.

घरी

सोलापुरात येऊन मी माझ्या बाकीच्या संस्थांच्या याद्या काढल्या. बिडी कामगार बायकांची एक, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या शाळेची एक. सगळीकडे नंबर होते, टिका होत्या, आणि फोन कुणाच्या खिशात असतो हे एकीतही लिहिलेलं नव्हतं. आता एकेकाला विचारत बसले आहे. काम किचकट आहे, पण मजेत चाललंय. हॉस्पिटलची गाडी दिघीलाच राहिली. वार काढून टाकलाय, रकान्यात तिथी आहे.

तीन आठवड्यांनी राबियाच्या नंबरवरून एक बोलका निरोप आला. आधी राबियाच्या हसण्याचा आवाज, मग सुपात काहीतरी पाखडल्याचा, मग हिराबाई:

“मॅडम, मी जवला निवडते. राबियानी तुमचा फोटू दाकवलान. आवाजावरना मना वाटला, ही कोन पंचविशीची पोरगी हाय, म्हनून तुला आरेतुरे केला. तुमचे तर माजेपेक्षा केस पिकलेले! आन गालावर तीळ हाय. डाव्या.”

मी आरशापाशी जाऊन बघितलं. तीळ इतका बारीक आहे की घरच्यांनाही सांगावा लागतो.